मालकांचा वाव

दोन्ही हात आडवे ताणले, की ह्या हाताच्या टोकापासून त्या हाताच्या टोकापर्यंत जेवढं अंतर भरतं त्याला आमच्यात वाव म्हणतात. हे आधीच सांगून टाकते. मागं एकदा बेळगावच्या बसस्टँडवर शेजारी बसलेल्या शिकल्यासवरल्या बाईंना मी 'चार वावांचा कासरा' म्हणाले, तर त्या बिचाऱ्या नुसत्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. चूक त्यांची नाही. आता दोर मिळतो तो नायलॉनचा, निळा नाहीतर पिवळा, आणि तोही वजनावर. काट्यावर टाकला की झालं. हात पसरायचं कामच उरलं नाही.

आम्ही दोर वळणारी माणसं. निपाणीजवळच्या खेड्यात राहतो. घायपाताची पानं पाण्यात कुजत घालायची, बडवायची, त्यातनं वाख, म्हणजे आतला धागा, काढायचा, वाळवायचा आणि त्याला पीळ द्यायचा. पीळ द्यायला दोघं लागतात, म्हणून लग्न झाल्यापासून मी एका टोकाला आणि मालक दुसऱ्या टोकाला. भांडलो तरी दोर मध्ये ताणलेलाच. शाळा म्हणाल तर माझी तिसरीपर्यंत. पुढचं वाचन बाजारातल्या पुड्यांच्या कागदावर झालं, आणि कन्नड अक्षरं बसच्या पाट्यांवर. चुकीच्या बशीत बसल्याशिवाय अक्षर काही पक्कं होत नाही.

वळायचं काम दोघांचं, पण मोजायचं काम फक्त मालकांचं. दोराचं टोक डाव्या मुठीत धरायचं, उजव्या हातानं दोर छातीवरून ओढत न्यायचा, छाती पुढं काढायची आणि पहिल्या वावाला 'लाभ' म्हणायचं. एक म्हणायचं नाही. मग दोन, तीन, चार. शेवटी वर एक मूठ जास्तीची द्यायची, ती मोजायची नाही. माझा वाव त्यांच्यापेक्षा वीतभर आखूड, म्हणून मला बाजारात दोराला हात लावू देत नसत. त्यांचे हात होतेच तसे. उभे राहिले की बोटं गुडघ्याला टेकतील असं वाटायचं. गिऱ्हाईक बाकीची पालं सोडून आमच्याकडं यायचं, आणि शेजारचा दोरवाला चिडायचा.

"तुझं हात हायत का घारीचं पंख रं? आमचं गिऱ्हाईक उचलून न्हेतोस."

"मग तुझ्या आईला सांगायचं हुतंस, जरा निवांत घडीव म्हणून."

"आय गेली की वर!"

"मग आता काय, ऱ्हा तसाच."

दोघंही हसायचे. चहा एकाच कपबशीतनं अर्धा अर्धा.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी मालक वाखाला पाणी मारत बसले होते. हातातला तांब्या पडला. मी म्हणाले, "काय वो, झोप न्हाय झाली व्हय?" ते उत्तर द्यायला लागले, तर तोंड वाकडं. डावी बाजू गेली होती. बेळगावच्या दवाखान्यात महिनाभर काढला. वाचा परत आली, पाय काठीच्या आधारानं चालता झाला. हात मात्र कोपरात दुमडून छातीशी बसला तो बसलाच. मूठ मिटलेली.

व्यायाम शिकवायला एक तरणी पोरगी होती, कन्नड बोलणारी. "कै एत्तरी अज्जा, स्वल्प एत्तरी," म्हणायची. हात उचला, थोडासा उचला. मालक घाम फुटेपर्यंत उचलायचे आणि हात बोटभर हलायचा. त्याच पोरीनं मला बाजूला घेऊन एक गोष्ट सांगितली. ह्यांच्या मेंदूला डाव्या अंगाचा विसर पडल्यासारखं झालंय, तिकडचं दिसतं पण ध्यानात येत नाही. ते खरंच होतं. ताटात डावीकडं वाढलेली चटणी तशीच राहायची आणि वर मला म्हणायचे, "चटणी केली न्हाईस व्हय?" मग मी ताट फिरवायची. तेव्हा चटणी सापडायची.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, जे काही यायचं ते पहिल्या काही महिन्यांतच येतं. मालकांनी विचारलं, "दोर मोजाय ईल का?" डॉक्टर म्हणाले, बघूया. त्यांना एवढंच हवं होतं. चालणं, बोलणं, आपल्या हातानं अंघोळ करणं, ह्यातलं काही त्यांनी विचारलं नाही. दोर मोजता येईल का, तेवढंच.

घरी आल्यावर त्यांनीच युक्ती काढली. त्यांनी मोजलेला एक जुना कासरा घरात होता, चार वावांचा. तो चौपदरी दुमडून मी एक वाव काढला, तेवढाच दोर घेतला आणि जिथं वाव पुरा होतो तिथं लाल चिंधी बांधली. रोज सकाळी दोराचं टोक त्यांच्या डाव्या मुठीत द्यायचं. ती मूठ एकदा मिटली की सोडायची नाही, त्यामुळं दोर घट्ट राहायचा. मग उजवा हात पसरत न्यायचा, चिंधीच्या किती अलीकडं राहतोय ते बघायचं. वाव म्हणजे चार हात, त्यात पहिल्या दिवशी दीड हात कमी पडलं. मालक म्हणाले, "दीडच की. चारातलं अडीच अजून आपलं हायत."

त्याच दिवसांत नात रविवारी यायची. लेकीची मुलगी, बेळगावात कॉलेजला आहे, हॉस्टेलवर राहते, इंग्रजी घेतलंय. एका रविवारी आज्जाची कसरत बघून ती एकदम म्हणाली, "आज्जा, ह्याला इंग्रजीत शब्द हाय. फॅदम."

"काय दम?" मालक म्हणाले.

"फॅदम. दोन्ही हात पसरून दोर मोजायचा. जहाजावरची माणसं मोजायची, समुद्र किती खोल हाय ते."

मालक कसरत सोडून बसले. "कसं मोजायची?"

ती सांगत गेली. दोराला शिशाचं वजन बांधायचं, पाण्यात सोडायचं, तळाला टेकलं की दोर वर ओढताना हात पसरून पसरून मोजायचा. वजनाच्या बुडाला चरबी फासायची, म्हणजे तळाची वाळू आहे का चिखल आहे ते चिकटून वर येतं.

"आगं, विहिरीत पडलेली भांडी काढाय आपण गळ टाकतो तसंच की," मालक म्हणाले. "घागर हाय का बादली, दोराला हिसका बसला की कळतंया."

"पर त्यांचा फॅदम पक्का सहा फुटाचा."

"कुणाच्या हातानं?"

"कुणाच्याबी. ठरवूनच टाकलाय."

हे मात्र मालकांना काही पटलं नाही. त्यांचं म्हणणं, माणसाशिवाय वाव कसला? बुटका मोजील तर बुटक्याचा, उंच मोजील तर उंचाचा. कुणाचा ते माहीत असलं की झालं, मग फसवणूक नाही. साहेबानं कुणाच्या तरी हाताला सहा फुटावर खिळा मारून ठेवलाय आणि सगळ्यांनी तेवढंच पसरायचं.

"आणि लई पूर्वी त्या शब्दाचा अर्थ हुता कवळ्यात घेणं," नात म्हणाली. "हात पसरून मिठी मारणं."

"शी गं," मी म्हणाले. "म्हाताऱ्यांम्होरं काय बोलावं कळतंय का?"

"शी काय त्यात?" मालक म्हणाले. "मी मोजतो की तुला. एका वावात दोन बसशील, मूठ वर द्यायची गरज न्हाय." दुखणं आल्यापासून ते तेव्हा पहिल्यांदा एवढे हसले. तोंड वाकडं होऊन हसले, पण हसले.

मला त्या शब्दाची गोडी लागली. तिला खोदून खोदून विचारलं. ती म्हणाली, जुन्या समुद्राच्या नकाशांवर ठिकठिकाणी नुसते आकडे असायचे, ते फॅदमचे, इथं चार, तिथं चाळीस. जहाज कुठनं न्यायचं ते त्यावरून ठरायचं. सहा फॅदमच्या खाली जे टाकलं ते गेलंच म्हणायचं, म्हणून तिकडं एखादी वस्तू कायमची टाकून देण्यालाही त्यावरनंच नाव पडलं, म्हणे. आणि आता तर तो शब्द पाण्यासाठी कोण वापरतच नाही. पाणी मीटरवर गेलं. शब्द उरला माणसाच्या मनासाठी. एखाद्याच्या मनात काय आहे ते तळापर्यंत कळणं, म्हणजे फॅदम करणं.

"आपण थांग लागला म्हणतो, तसं."

"व्हय. पर आज्जी, गंमत काय हाय, तो जास्ती करून नकाराबरोबरच येतो. कळालं न्हाय म्हणाय वापरत्यात. कळालं म्हणाय क्वचितच."

"मग कळाल्यावर काय म्हणत्यात?" मालकांनी विचारलं.



पहिले दोन-तीन महिने खरंच फरक पडत होता. चिंधी दीड हातावरून एक हातावर आली. दर पंधरा दिवसांनी बेळगावला जायचो. बायकांना सरकारी बस फुकट, त्यांना मात्र तिकीट, त्यावरनं वाटेत मला चिडवायचे, "तू फुकटची, मी पैशाचा." ती कन्नड पोरगी टेपनं मोजायची आणि बोटभर वाढलं तरी टाळ्या वाजवायची. मग एकदा तिनं टेप लावली आणि टाळी वाजवली नाही. पुढच्या खेपेलाही नाही. म्हणाली, आता घरीच करा, तीन महिन्यांनी या.

घरी रोज दोर, रोज चिंधी हातभर लांब. आठ दिवस, पंधरा दिवस, तेवढीच. मालकांनी चहा कमी केला, बोलणं कमी केलं. एक दिवस दोर मुठीत दिला तर उजवा हात उचललाच नाही. "काय उपेग?" म्हणाले.

त्याच दिवशी ते अंगणात उन्हाला बसले असताना मी चिंधी सोडली आणि बोटभर अलीकडं बांधली. एक बोट. वाटलं, ह्यानं कुणाचं काय बिघडतंय? दुसऱ्या दिवशी त्यांनी हात पसरला आणि म्हणाले, "आगं, सरकला! बघ, सरकला!" मी म्हणाले, "व्हय की." इतकं सोपं होतं ते. त्यांचं जेवण वाढलं. काठी घेऊन कट्ट्यापर्यंत जायला लागले. आल्यागेल्याला सांगायचे, हात येतोय म्हणून. मग दर चार-पाच दिवसांनी एक बोट. वाटायचं, आता थांबू. पण थांबले की त्यांचं तोंड उतरायचं, आणि मला ते बघवत नव्हतं. डाव्या अंगाचं त्यांच्या ध्यानात यायचं नाही. कोपर तसंच दुमडलेलं आहे हे त्यांना दिसायचं नाही. दिसायची ती उजवीकडची चिंधी.

नातीनं एका रविवारी ओळखलं. तिनं टेप आणली होती, आज्जाला बक्षीस म्हणून मोजून द्यायचं होतं तिला. मी तिला स्वयंपाकघरात ओढली.

"आज्जी, ही चिंधी सरकवलीय तू."

"गप."

"खोटं हाय हे."

"खोटं न्हाय, औषध हाय. त्यांचं त्वांड बघ, मग बोल."

ती आत्ता रडेल की काय असं वाटलं. टेप पिशवीत परत ठेवली. पुढचे दोन रविवार आलीच नाही, परीक्षा आहे म्हणाली.

चिंधी अखेर त्यांच्या हाताशी आली. उजव्या मुठीत लाल चिंधी धरून ते ओरडले, "लाभ!" गल्लीतल्या लोकांना मी चहा केला. मी स्वतःच्या हातानं सगळ्यांना चहा दिला.

मग एक मळ्यातली बाई आली. जुनं गिऱ्हाईक. तिच्या मळ्यात विहीर आहे, पण मोटर जळाली होती आणि दुरुस्तीला वेळ लागणार होता. पोहऱ्यानं पाणी शेंदायचं तर नायलॉनचा दोर हाताला कापतो. मालकांनीच पूर्वी दिलेला घायपाताचा दोर विरून आखूड झालेला. म्हणाली, "आण्णा, तुमच्या हातचं सात वाव पायजेत. मागच्यासारखं."

वाख घरात होता. शेजारची सून टोक धरायला आली, मी पीळ दिला. दोर झाला. बाई न्यायला आली, कट्ट्यावर बसली. मालक म्हणाले, "मी मोजणार."

सात वेळा मोजलं. डावी मूठ आपली आपण सुटत नव्हती, म्हणून प्रत्येक वावानंतर मी ती माझ्या हातानं उघडायची, उजव्या हातातली जागा तिच्यात द्यायची, परत मिटायची. लाभ. दोन. तीन. मला समोर दिसत होतं, प्रत्येक वावाला हातभर कमी. चौथ्याला मी म्हणाले, "नवा दोर हाय, वर एक-दोन वाव जास्त द्या की." ते माझ्याकडं असे बघत राहिले, की मी नजर खाली घातली. म्हणाले, "मी कवा मापात कमी दिलंय?" गिऱ्हाईक समोर होतं. मी पुढची मूठ उघडली. पाच. सहा. सात. वर एक मूठ. त्यांनी स्वतः विळ्यानं दोर तोडला आणि दातात धरून टोकाला गाठ मारली.

बाई दोर घेऊन गेली. खरं तेव्हाही मी तिच्यामागं जाऊ शकले असते. मळा काही लांब नाही. गेले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती परत आली. दोर खांद्यावर होता आणि त्याच्या टोकाला जुन्या दोराचा तुकडा जोडलेला. पोहरा पाण्याला टेकत नव्हता, म्हणून तिनं जुना दोर जोडून शेंदलं होतं. भली बाई. म्हणाली, "आण्णा, पाणी लईच खाली गेलंय वो. अजून थोडा दोर लागंल."

मालक म्हणाले, "पाणी खाली गेलंय?"

"व्हय, मंग काय. ऊन किती हाय."

 जोडलेली गाठ बघत राहिले. मग मला म्हणाले, "तो जुना कासरा आण." मी म्हणाले, "कशाला आता? मी वळून देते की चार हात." म्हणाले, "आण."

कासरा आणला. त्यांनी तो अंगणात नव्या दोराच्या शेजारी लांब करायला लावला. चार वाव जिथं संपत होते तिथं काठीनं खूण केली आणि पुढं परत तोच कासरा. मोजणं झालं तेव्हा नवा दोर पाच वाव आणि थोडासा होता. सात नव्हता. बाई आता माझ्याकडं बघत होती.

"ती चिंधी आण," मालक म्हणाले.

मी जागची हलले नाही. ते एकटे काठी टेकत आत गेले. दोर घेऊन बाहेर आले, कासऱ्याला लावला, बघितला.

"कवापासनं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "तुम्ही हात उचलत नव्हता. म्हणून."

"कवापासनं म्हणून इचारलं."

मी सांगितलं. बाई उठून गेली. दोर तिथंच सोडून गेली.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मी पाया पडले असते, रडले असते, काहीतरी झालं असतं. फक्त एवढं म्हणाले, "गिऱ्हाइकाम्होरं करायचं न्हवतं." म्हणजे घरात फसवलेलं चाललं असतं का? ते मी अजून विचारलेलं नाही, आणि ते सांगतील असंही वाटत नाही. संध्याकाळी मी शेजारच्या सुनेला घेऊन उरलेले दोन वाव वळले, त्या दोराला जोडले आणि मळ्यात नेऊन दिले. माझ्या हातानं मोजून. बाई म्हणाली, "असू दे ओ आक्का." ते मला फार लागलं.

त्यानंतर त्यांनी दोर धरला नाही. मी चिंधी खऱ्या जागी बांधून पुढं केली, नातीनं समजावलं, लेक येऊन बोलली. बेळगावला चला म्हटलं तर नको. शेवटी वर्षभरानं नातीनंच त्या कन्नड पोरीला विचारलं. ती म्हणाली, तुमच्या आज्जीनं काही केलं नसतं तरी तो हात पुढं आला नसता, थांबला होता तो. नातीनं हे मला फार मायेनं सांगितलं. मी मान हलवली. पण त्यांनी दोर सोडण्याआधी हात जेवढा उघडत होता, तेवढा तरी राहिला असता. रोज ताणला असता तर राहिला असता. आता कोपर पूर्ण मिटलंय. सदऱ्याची बाही चढवायला मला अर्धा तास लागतो.

मूठही आवळत चालली आहे. नखं वाढली की तळव्यात रुततात, म्हणून आठवड्यातनं दोनदा मी कोमट पाण्यात हात भिजवते आणि एक एक बोट सोडवते. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं. अंगठा शेवटी सुटतो. आतली कातडी पांढरी पडलेली असते, वास येतो. मी पुसते, नखं कापते, थोडी पावडर टाकते. ते तोंड उजवीकडं फिरवून बसतात, रस्त्याकडं बघत. पूर्वी मला वाटायचं, डावी बाजू त्यांच्या ध्यानात नसते म्हणून असेल. आता तसं वाटत नाही.

परवा बोट सोडवताना जरा जोर लागला. मी विचारलं, "दुखलं का वो?"

 ते म्हणाले, "कळत न्हाय."

मी पुढचं बोट धरलं.